हातचा कुठे गेला?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला चौथीत गणित शिकवलं. फळ्यावर बेरीज मांडली की ते खडू खाली ठेवत आणि डावा हात वर करत. "आठ आणि सात?" "पंधरा." "पाच लिहिले. हातचा?" "एक!" असं आम्ही ओरडलो की ते मूठ मिटत. दशकाच्या घराची बेरीज होईपर्यंत ती मूठ उघडत नसे. एखाद्या पोरानं हातचा न मिळवता दशकाचं घर उरकलं, तर गुरुजी रागवत नसत. मिटलेली मूठ त्याच्यासमोर धरून नुसते विचारत, "हा कुठे गेला?"

पुढे माझं सगळं आयुष्य कंपायलरच्या कामात गेलं. माणसानं लिहिलेली आज्ञावली प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारी दुसरी आज्ञावली म्हणजे कंपायलर. संगणक मोठ्या पूर्णांकांचा हिशेब कसा करतो, हे नव्या मुलांना समजावून सांगायची वेळ आली की मी त्या मुठीपासून सुरुवात करतो. आजही तिथूनच करणार आहे.

प्रोसेसरच्या आत आकडा धरून ठेवायला जी जागा असते तिला रजिस्टर म्हणतात. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ती बहुधा ६४ बिटांची आहे. बिट म्हणजे शून्य किंवा एक. अशा ६४ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दश, शत असं म्हणत अठरा स्थानांची नावं दिली आहेत आणि अठरावं स्थान परार्धाचं आहे. एकावर सतरा शून्यं. आपल्या एका रजिस्टरात असे १८४ परार्ध बसतात आणि वर काही उरतं. म्हणजे ज्या संख्येपाशी 'लीलावती'तली नावांची यादी थांबली, ती संख्या आज यंत्राच्या एका घासाची झाली.

मग यापेक्षा मोठ्या संख्या लागतात कुणाला? तुम्हाला आणि मला, रोज. बँकेचं संकेतस्थळ उघडताना पलीकडे खरोखर आपलीच बँक आहे याची जी पडताळणी होते, तीत आरएसए या गुप्तलेखन-पद्धतीची २०४८ बिटांची संख्या अनेकदा असते. दशमान पद्धतीत लिहिली तर ६१७ अंकांची. ती एका रजिस्टरात मावत नाही, म्हणून ती ६४ बिटांच्या ३२ तुकड्यांत ठेवतात. इथे शाळेतलं स्थानमूल्य जसंच्या तसं परत येतं. आपण दहा चिन्हांत लिहितो, यंत्राचा 'अंक' १८४ परार्धांचा असतो. आपल्या दृष्टीनं ६१७ अंकी असलेली संख्या त्याच्या दृष्टीनं ३२ अंकी आहे. बेरजेची रीत तीच: उजवीकडून सुरुवात करायची, घर भरलं की जास्तीचा एक पुढे न्यायचा.

हातचा नेहमी एकच का असतो? नऊ आणि नऊ अठरा, मागून आलेला एक धरून एकोणीस. एकोणीसमध्ये दशक एकच. अंक दहाचा असो की १८४ परार्धांचा, दोन संख्यांच्या बेरजेत हातचा एकाहून मोठा होत नाही. म्हणून तो धरायला प्रोसेसरला एका बिटाची मूठ पुरते. तिला कॅरी फ्लॅग म्हणतात. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ मध्ये दोन वेगळ्या आज्ञा होत्या: 'ॲड' म्हणजे साधी बेरीज, 'एडीसी' म्हणजे हातचा धरून बेरीज. आजही २५६ बिटांची बेरीज करायची तर एक ॲड आणि तीन एडीसी, एवढ्या चार आज्ञांत ती होते. त्याआधीची गोष्टही मोलाची आहे. १९७१ मध्ये आलेला इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर जपानमधल्या बिझीकॉम कंपनीच्या गणकयंत्रासाठी बनला होता. तो एका वेळी चारच बिट हाताळायचा, म्हणजे दशमान पद्धतीचा एक अंक. लांब रकमेची बेरीज तो एकेक अंक घेत, हातचा सांभाळत करायचा. मायक्रोप्रोसेसरचा जन्मच असा मुठीत हातचा घेऊन झाला.

रजिस्टरच्या आतसुद्धा ६४ घरं आहेत आणि घरातून घरात हातचा जातोच. ९९९९९९ मध्ये १ मिळवा. उजवीकडचा एक हातचा सगळी घरं ओलांडत डावीकडे जातो आणि तो शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत उत्तर खरं नसतं. चार्ल्स बॅबेज यांना ही अडचण १८३० च्या दशकातच भेटली. ॲनालिटिकल इंजिनाचा आराखडा करताना त्यांनी दातेरी चाकांची अशी रचना शोधली की कोणत्या घरांत नऊ आहेत ते आधीच ओळखून हातचा सगळीकडे एकदम पोहोचवता येईल. आगाऊ हातचा, असं तिला म्हणता येईल. ते यंत्र बॅबेजच्या हयातीत पुरं झालं नाही. पण आजच्या वेगवान प्रोसेसरमधला बेरजेचा भाग त्याच विचारावर उभा आहे. प्रत्येक घर दोन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवतं: मी स्वतः हातचा निर्माण करतो का, आणि मागून आला तर पुढे ढकलतो का? शेजारच्या दोन घरांची उत्तरं जोडली की जोडीचं उत्तर मिळतं, जोड्यांवरून चौकडीचं, चौकडीवरून आठांचं. ६४ घरांना सहा पायऱ्या पुरतात. कॉगी आणि स्टोन यांनी १९७३ मध्ये ही मांडणी दिली. संगणकाच्या साऱ्या रचनेत इतकी देखणी गोष्ट मला दुसरी दिसलेली नाही.

आता गुणाकार. इथे 'हातचा एक' म्हणून भागत नाही. ९ गुणिले ९ म्हणजे ८१, त्यात पूर्ण आठ दशकं. ६४ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार १२८ बिटांपर्यंत जातो, म्हणून प्रोसेसर उत्तर दोन रजिस्टरांत देतो: एकात खालचा भाग, दुसऱ्यात वरचा. ३२ तुकड्यांच्या दोन संख्या शाळेच्या रीतीनं गुणायच्या तर प्रत्येक तुकड्याला प्रत्येक तुकड्यानं गुणावं लागतं. बत्तीस गुणिले बत्तीस, १०२४ छोटे गुणाकार. शिवाय त्यांच्या बेरजा आणि हातचे. बँकेच्या त्या पडताळणीतल्या एका डिजिटल सहीसाठी मोठ्या संख्यांचे असे गुणाकार हजारांच्या घरात लागतात.

याहून कमी कष्टात हे होणार नाही, असं फार मोठ्या माणसांना वाटत होतं. १९६० मध्ये मॉस्को विद्यापीठात आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी एका चर्चासत्रात हेच अनुमान मांडलं. संख्येची लांबी दुप्पट झाली की गुणाकाराचे कष्ट चौपट होणारच, असा त्यांचा कयास होता. श्रोत्यांत अनातोली कारात्सुबा नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. आठवड्याच्या आत त्यानं तो कयास मोडून काढला.

त्याची युक्ती कागदावर करून पाहा. ४७ गुणिले ६८. शाळेच्या रीतीनं चार छोटे गुणाकार लागतात. कारात्सुबा तीनच करतो. ४ गुणिले ६, चोवीस. ७ गुणिले ८, छप्पन्न. तिसरा गुणाकार अंकांच्या बेरजांचा: ४ आणि ७ अकरा, ६ आणि ८ चौदा, अकरा चौदा एकशे चोपन्न. त्यातून चोवीस आणि छप्पन्न वजा केले की ७४ उरतात. हे मधल्या घराचे. आता २४०० अधिक ७४० अधिक ५६, उत्तर ३१९६. एक गुणाकार वाचला आणि त्या बदल्यात काही बेरजा-वजाबाक्या वाढल्या. दोन अंकांत हा सौदा क्षुल्लक वाटतो. पण प्रत्येक अर्ध्याचं पुन्हा अर्धं करत गेलं की लांबी दुप्पट झाल्यावर कष्ट चौपट न होता तिप्पटच होतात. कोल्मोगोरोव यांनी ही रीत पुढच्या बैठकीत स्वतः सांगितली, चर्चासत्र तिथेच संपवलं आणि १९६२ मध्ये कारात्सुबाच्या नावानं ती प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था केली. आपलं अनुमान मोडणाऱ्या मुलाला एवढ्या मोकळेपणानं मान देणारा गुरू, हा या कथेतला मला सर्वांत प्रिय भाग आहे. आज मोठ्या संख्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या जीएमपी या आज्ञावली-संग्रहात तुकड्यांची संख्या थोडी वाढली की हीच रीत हाती घेतली जाते. फारच लांब संख्यांसाठी शोनहागे आणि श्ट्रासेन यांची १९७१ ची रीत येते.

गुणाकारात हातच्याची आणखी एक अडचण आहे. इंटेलच्या जुन्या गुणाकाराच्या आज्ञेनं कॅरी फ्लॅग बदलून जायचा. म्हणजे एका बेरजेचा हातचा मुठीत धरून पुढचा गुणाकार करू गेलं की मूठ उघडायची. २०१३ मध्ये फ्लॅगला हात न लावणारी गुणाकाराची आज्ञा आली. २०१४ मध्ये दोन नव्या बेरजा आल्या. त्यांतली एक कॅरी फ्लॅग वापरते, दुसरी शेजारचा ओव्हरफ्लो फ्लॅग, एरवी उत्तर मर्यादेबाहेर गेल्याची खूण ठेवणारा. आता प्रोसेसरला दोन मुठी मिळाल्या आणि बेरजांच्या दोन साखळ्या एकमेकींना धक्का न लावता चालू लागल्या.

कंपायलर या सगळ्यात काय करतो ते एका उदाहरणानं सांगतो, कारण ते आपल्या घरचं आहे. 'लीलावती'त गुणाकाराचं पहिलं उदाहरण १३५ गुणिले १२ असं आहे. भास्कराचार्य ते एकाच रीतीनं सोडवून थांबत नाहीत. बाराचे आठ आणि चार असे खंड करून गुणा आणि मिळवा, म्हणतात. किंवा बाराचे तीन आणि चार असे अवयव घ्या, आधी एकानं गुणा, मग दुसऱ्यानं. आता सी भाषेत एखाद्या संख्येला बारानं गुणायला सांगा आणि कंपायलरनं काय लिहिलं ते उघडून बघा. बहुतेक वेळा गुणाकाराची आज्ञा तिथे नसतेच. आधी संख्येत तिचीच दुप्पट मिळवून तिप्पट केलेली असते, मग दोन बिटं डावीकडे सरकवून चौपट. तीन आणि चार. पाटणे गावाच्या परिसराशी नाव जोडलेल्या त्या आचार्यांची ११५० सालची रीत आजचा कंपायलर रोज अगणित वेळा वापरतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

भागाकाराचं थोडक्यात सांगतो. तो प्रोसेसरला महाग पडतो, म्हणून ठरावीक संख्येनं भागायचं असेल तर कंपायलर भागतच नाही. ३२ बिटांच्या संख्येला दहानं भागायचं तर ३,४३,५९,७३,८३७ नं गुणतो आणि उत्तर ३५ बिटं उजवीकडे सरकवतो. भागाकार प्रत्येक वेळी बिनचूक येतो. या रीतीची व्यवस्थित सिद्धता ग्रानलुंड आणि मॉन्टगोमेरी यांनी १९९४ मध्ये दिली.

आता मी ज्यासाठी इथे उभा आहे त्या मुद्द्याकडे येतो. प्रोसेसरकडे मूठ आहे, पन्नास वर्षांपासून आहे. पण सी भाषेत ती मूठ पाहायला शब्दच नव्हता. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेली ही भाषा. आजच्या बहुतेक यंत्रांचा गाभा तिच्यात किंवा तिच्या वंशजांत लिहिलेला आहे. तिच्यात दोन संख्या मिळवल्या की बेरीज मिळते. हातचा यंत्रात निर्माण होतो आणि पुढच्या आज्ञेला हरवतो. आज्ञावली लिहिणाऱ्याला तो मागच्या दारानं शोधावा लागतो. समजा, यंत्राला दोनच घरं आहेत. ८७ आणि ४५ मिळवले, १३२ व्हायला हवेत, दिसतात ३२. बेरीज मूळच्या ८७ पेक्षा लहान कशी झाली? म्हणजे हातचा गेला. असं ताडून पाहायचं. हुशार कंपायलर ती तुलना ओळखतो आणि तिच्या जागी एडीसी घालतो. जे यंत्राला माहीत होतं ते भाषेनं लपवलं, माणसानं आडवळणानं लिहिलं आणि कंपायलरनं पुन्हा हुडकून काढलं.

हे झालं बिनचिन्ही संख्यांचं. धन-ऋण संख्यांत याहून वाईट स्थिती आहे. त्यांची बेरीज मर्यादेबाहेर गेली तर काय व्हावं, हे सी भाषेचं मानक ठरवतच नाही. आणि जे ठरलेलं नाही ते घडणारच नाही, असं धरून चालायची कंपायलरला मुभा आहे. मर्यादा तपासण्यासाठी कुणी 'क्ष अधिक एक हे क्ष पेक्षा मोठं आहे का' असं विचारलं, तर कंपायलर म्हणतो, गणितात हे नेहमीच खरं. आणि ती तपासणीच काढून टाकतो. मी स्वतः कंपायलर लिहिले आहेत. या मुभेमुळे फेरे असलेली आज्ञावली वेगानं चालते, हे मला ठाऊक आहे. तरी इतक्या वर्षांनंतर माझं मत पक्कं आहे: राखणदारानं दिलेली हाक पुसून टाकण्याचा अधिकार कंपायलरला असता कामा नये.

याची किंमत मी फार लवकर पाहिली. उमेदवारीच्या काळात एका सहकारी साखर कारखान्याच्या ऊसबिलांची आज्ञावली माझ्याकडे तपासायला आली. रकमा पैशांत साठवल्या होत्या, ३२ बिटांच्या धन-ऋण संख्येत. तिची वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. पैशांचे रुपये केले तर दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस रुपये सत्तेचाळीस पैसे. एकेका शेतकऱ्याचं बिल त्यात आरामात मावत होतं. पंधरवड्याची एकूण बेरीज मात्र २ कोटी ३१ लाख ५० हजार झाली आणि कागदावर छापलं गेलं: उणे १,९७,९९,६७२ रुपये ९६ पैसे. शेतकऱ्यांनीच कारखान्याला दोन कोटी द्यायचे, असा त्याचा अर्थ. आकडा उणे होता म्हणून तो कारकुनाच्या नजरेत भरला. बेरीज आणखी मोठी असती तर ती मर्यादा ओलांडून पुन्हा धन झाली असती, आणि चुकीची असूनही खरी वाटली असती. त्या दिवशी मला गुरुजींची मूठ आठवली.

भाषेनं हातचा दाखवला की सगळं भागतं, असंही नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात घालताना तो मावला नाही. त्या आज्ञावलीची भाषा एडा. तिनं 'मावत नाही' अशी खूण केली होती. पण जोखमीच्या सातपैकी तीन चलांसाठी ती खूण ऐकायला कुणी ठेवलेलं नव्हतं.

मुठीविरुद्धचा युक्तिवादही प्रामाणिकपणे मांडायला हवा. नव्या रिस्क-फाइव्ह रचनेत कॅरी फ्लॅग मुद्दाम ठेवलेला नाही. एकाच वेळी अनेक आज्ञा पुढे-मागे करत चालवणाऱ्या प्रोसेसरमध्ये सगळ्यांची मिळून एक मूठ असली की सगळे तिच्यासाठी अडतात, हे त्यामागचं कारण, आणि ते खरं आहे. पण मग हातचा धरून केलेल्या एका बेरजेला एकाच्या जागी पाच आज्ञा लागतात: मिळवा, तुलना करा, हातचा मिळवा, पुन्हा तुलना करा, दोन्ही हातचे जोडा. जीएमपीचे कर्ते ग्रानलुंड यांनी या निर्णयावर जाहीर टीका केली आहे. मीही त्यांच्याच बाजूचा आहे.

तरी हातच्याच्या अडचणीतून एक सुंदर रीत पुढे आली. आपण म्हणतो, 'हातचं राखून' काम करू नये. मोठ्या संख्यांच्या हिशेबात मात्र तीच उत्तम युक्ती ठरली. डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००६ मध्ये गुप्तलेखनासाठी मांडलेला एक वक्र आहे, कर्व्ह २५५१९. व्हॉट्सॲपच्या गुप्तलेखनातही तो आहे. त्याच्या संख्या २५५ बिटांच्या. ६४ बिटांची चार घरं त्यांना पुरतात. पण प्रचलित रीतींपैकी एकीत पाच घरं घेतात आणि प्रत्येकात ५१ च बिटं भरतात. पाच गुणिले ५१ म्हणजे नेमके २५५. वरची तेरा बिटं मोकळी. आता बेरीज केली की हातचा त्याच घराच्या माडीवर राहतो, लगेच पुढे न्यावा लागत नाही. बऱ्याच क्रिया झाल्या की एकदम सगळे हातचे पुढे सरकवतात. पायथॉन भाषाही संख्या ३० बिटांच्या अंकांत ठेवते. ३२ ची जागा असून दोन बिटं मोकळी, गुणाकाराचे तुकडे ६४ बिटांत निश्चिंत मावतात. म्हणून पायथॉनमध्ये हजार अंकी संख्याही सहज लिहिता येते आणि नवशिक्याला ओव्हरफ्लो हा शब्द माहीतही नसतो.

सी भाषेलाही उशिरा का होईना, मूठ मिळाली. २०१५ मध्ये जीसीसी कंपायलरच्या पाचव्या आवृत्तीनं बेरजेबरोबर ती मर्यादेत मावली की नाही हे सांगणारी सोय दिली. सी-२३ या नव्या मानकात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकारासाठी ती भाषेचा भाग झाली. हव्या तितक्या बिटांचे पूर्णांकही त्यात आले.

या सभागृहात आज्ञावली लिहिणारी बरीच तरुण मंडळी दिसतात. त्यांना एक काम सांगून थांबतो. जुन्या यंत्रणांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांच्या धन-ऋण संख्येत मोजलेली आहे. तिची मर्यादा तीच, ऊसबिलाची: २,१४,७४,८३,६४७. ती मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला ती घड्याळं १९०१ चा डिसेंबर दाखवतील. पतपेढी असो, पाणीपुरवठ्याचं यंत्र असो की कारखान्याचा वजनकाटा, तुमच्या ताब्यातली जुनी आज्ञावली या वर्षीच उघडा, वेळ किती बिटांच्या घरात ठेवली आहे ते पाहा आणि ते घर ६४ बिटांचं करून घ्या.